लाल नाही, काळी: किरणोपचार विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील सर्व रुग्णालयांचे किरणोपचार विभागप्रमुख

सदाशिव पेठ, पुणे ३०



गेल्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण चार आठवडे माझ्याकडे राहिली आणि त्या चार आठवड्यांत तिने देवांना एकदाही हात लावला नाही. कारण ती पारोशी होती.

ताई वाईची. वय ६६. उजव्या स्तनातली गाठ काढून झाली होती आणि आता वीस वेळा ‘लाइट’ घ्यायची होती: पंधरा पूर्ण स्तनावर, वरच्या पाच गाठीच्या जागेवर. तुम्ही किरणोपचार म्हणता, तुमच्या बाकड्यांवर बसलेले सगळे ‘लाइट’ म्हणतात, काही जण ‘शेक’ म्हणतात. रोज सकाळी पेरूगेटजवळून रिक्षा करायची, दोन तास बसायचं, दहा मिनिटांत बाहेर यायचं. पहिल्याच दिवशी तिच्या छातीवर शाईच्या खुणा केल्या आणि कुणीतरी घाईघाईत सांगितलं, “या पुसू देऊ नका, इथे पाणी लावू नका.” सांगणाऱ्याचा हेतू एवढाच असेल की खुणा चोळू नका. ताईने त्याचा अर्थ घेतला की आंघोळ बंद.

ज्या बाईने साठ वर्षं उजाडायच्या आत आंघोळ केली, तिने वैशाखात ओल्या पंचाने हातपाय पुसून दिवस काढले. तिच्या हिशोबात अर्धी आंघोळ ही आंघोळच नव्हे. म्हणून देवघरात नाही, स्वयंपाकाला हात नाही, माझ्या नातीला जवळ घेणं नाही. आजार एका बाजूला. घरात राहून घराबाहेर बसल्यासारखं वाटणं हे दुखणं त्याहून मोठं झालं होतं. मला हे कळायला अकरा दिवस लागले. तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता, कारण तुमच्याकडे कुणी तिला विचारलं नाही की बाई, आंघोळ करता ना?

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वैद्यक मला कळत नाही, पण वाचता येतं, आणि पेठेतल्या माणसाचा एकदा संशय जागा झाला की तो वाचतच सुटतो. किरणोपचार चालू असताना धुवावं की नाही याची रीतसर चाचणी ब्रिटनमध्ये होऊन १९९२ साली ती छापूनही आली. २००१ मध्ये कॅनडात पुन्हा तेच तपासलं. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुतल्याने कातडीला अपाय होत नाही. कर्करोगाच्या आधारोपचारांवर काम करणाऱ्या एमएएससीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर आंघोळीची शिफारसच आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्यापुढे जाऊन ७७ रुग्णांवर एक प्रयोग केला. कातडीवर आणि नाकात मुक्कामाला असलेले जंतू किरणांनी होणाऱ्या कातडीच्या जखमा वाढवतात असा त्यांचा कयास होता. एका गटाला जंतुनाशक द्रावणाने अंग धुवायला आणि नाकात मलम लावायला दिलं, दुसऱ्याला नेहमीसारखं ठेवलं. नेहमीच्या गटात जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या रुग्णांची कातडी ओली होऊन सोलली. धुणाऱ्या गटात एकाचीही नाही. म्हणजे ताई चार आठवडे जे करत होती ते निव्वळ अनावश्यक नव्हतं, बहुधा उलटंच होतं.

आता तुमच्या कागदाविषयी. दुसऱ्या आठवड्यात आम्हाला एक कागद मिळाला. इंग्रजीतून मराठीत आणलेला, ते पहिल्या ओळीतच कळत होतं. त्यात होतं: त्वचा लालसर व गुलाबी होईल. ताई रोज आरशासमोर उभी राहून लाली शोधायची. ती सावळी आहे. लाली आली नाही, पुढे कधीच आली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून जे आलं ते काळं होतं. आधी उन्हाने रापल्यासारखं, मग जांभळट, काखेत आणि स्तनाखालच्या घडीत तर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं, तसंच ताणलेलं आणि चकचकीत. ती घाबरली, पण गप्प राहिली. कागदात काळं होण्याचा उल्लेख नाही, त्याअर्थी हे काहीतरी वेगळंच, कदाचित रोगच वर आला, असा तिने मनाशी अर्थ लावला. आठवड्याच्या तपासणीत एका तरुण डॉक्टरांनी नजर टाकली आणि म्हणाले, “छान, फारशी लाली नाही.” फाइलमध्ये तसं लिहिलंही गेलं.

त्यांचा दोष मी मानत नाही. ज्या मोजपट्टीने ते मोजत होते तिची पहिली पायरीच ‘फिकट लाली’ ही आहे, दुसरी ‘मध्यम ते ठळक लाली’. ती मोजपट्टी गोऱ्या कातडीवर बेतलेली. आपल्याकडे किरण लागले की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि कातडी गडद होते. लाली त्या गडदपणाखाली झाकली जाते. स्थळ बघताना गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी अशा छटा बसल्या जागी सांगणारे आपण लोक. आणि दवाखान्यात मात्र सगळ्यांना एकच रंग लावतो, तोही आपला नव्हे. सावळ्या कातडीवर डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. जागा गरम लागते का, घट्ट झाली आहे का, सुजली आहे का, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिली तर फरक किती, खाज सुटते का, ब्लाउजची शिवण टोचते का. बाईला विचारलं तर ती दोन मिनिटांत सांगते.

विसावी लाइट शुक्रवारी झाली. आम्ही पेढे नेले, तंत्रज्ञ मुलींनी टाळ्या वाजवल्या, “संपलं आता” म्हणाल्या. ताईने घरी येऊन पहिली खरी आंघोळ केली आणि देवांपुढे नारळ फोडला. पुढच्या गुरुवारी रात्री तिचा ब्लाउज अंगाला चिकटला.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! कातडीच्या तळच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांनी पृष्ठभागावर येऊन झडतात. किरण मार देतात तो या तळच्या थराला. वरचा माल दुकानात असतो तोवर गिऱ्हाईक येतं-जातं, काही कळत नाही. गोदामातून नवा माल येणं मात्र थांबलेलं असतं. म्हणून त्रास सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त होतो तो शेवटच्या लाइटनंतर आठ-दहा दिवसांनी, तुमचा आमचा संबंध संपल्यावर. ज्या आठवड्यात बाईला तुमची गरज सगळ्यात जास्त, नेमक्या त्या आठवड्यात तिच्या फाइलवर ‘पुढील भेट: सहा आठवड्यांनी’ असं लिहिलेलं असतं.

त्या रात्री आम्ही काय केलं तेही लिहिते, म्हणजे तुमच्यामागे घराघरांत काय चालतं ते कळेल. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कोरफडीचं पान आणलं. समोरच्या काकूंनी शतधौत घृत. कुणी बर्फ सुचवला, कुणी उगाळलेलं चंदन, कुणी टाल्कम पावडर. सगळ्यांचं निदान एक: लाइटची उष्णता बाधली. ‘शेक’ या शब्दाने केलेला हा घोटाळा आहे. एका वेळची मात्रा कातडीचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढवत नाही. ती जागा गरम लागते ती सुजेमुळे. तेव्हा सब्जा, गुलकंद खुशाल खा, पण बर्फ लावू नका. आधीच दुखावलेल्या कातडीला गारठ्याचा चटका बसतो. पावडर ओल्या घडीत गोळा होऊन बसते आणि घासते. कोरफडीचं म्हणाल तर तिच्यावर चाचण्या पुष्कळ झाल्या आणि ठाम फायदा दिसला नाही.  हे ऐकून खालच्या वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

हळदीचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवला, कारण तिथे कथा थोडी वेगळी आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीची हळद आणि चंदनतेलाची क्रीम आपल्याला जाहिरातींमुळे पाठ आहे. ती सौंदर्यप्रसाधन की औषध, यावर सरकार आणि कंपनी वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. त्याच क्रीमवर मंगळूरच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांत चाचणी केली आणि २०१४ मध्ये ती ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजीत छापून आली. बेबी ऑइल लावणाऱ्यांपेक्षा क्रीम लावणाऱ्यांची कातडी कमी बिघडली. पन्नास रुग्ण म्हणजे लहान प्रयोग, त्यावर कुणी घर बांधू नये. आणि कातडी धड असताना लावायची तयार क्रीम वेगळी, उघड्या जखमेवर थापलेली डब्यातली हळद वेगळी. पण हा प्रश्न आपल्याकडच्या डॉक्टरांना विचारावासा वाटला याचं मला कौतुक आहे. पुण्यात का नाही कुणाला वाटला?

शहाणपण मात्र हळदीपाशी थांबत नाही. मोमेटासोन किंवा बीटामेथासोन ही साधी स्टेरॉइड मलमं पहिल्या दिवसापासून लावली तर दाह कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. ती चिठ्ठीवर मिळतात. आम्हाला मलम मिळालं ते तिसऱ्या आठवड्यात, काळं पडल्यावर. सिलिकॉनची एक पातळ पारदर्शक पट्टी असते, ती पहिल्या दिवसापासून कातडीवर चिकटवून ठेवतात. टोरांटोच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ३७६ रुग्णांवर ती तपासली. २०२२ मध्ये निकाल आला: मध्यम किंवा तीव्र त्रास पट्टीवाल्यांत १५.५ टक्के, बिनपट्टीवाल्यांत ४५.६ टक्के. अशी पट्टी प्रत्येकीला परवडेल असं मी म्हणत नाही. तिचं अस्तित्व तरी कळू द्या. घ्यायची की नाही ते तिचं घर ठरवील. इथे लोक मुंजीच्या जेवणावळीत भाज्या किती यावर तीन बैठका घेतात, पट्टीवर एक घेतील.

आणि तुमची ती ‘लाइटच्या आधी चार तास काही लावू नका’ ही सूचना? २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं. क्रीमचा पातळ थर असेल तर कातडीला पोचणाऱ्या मात्रेत फरक पडत नाही, जाड लेप असेल तर पडतो. म्हणजे खरी सूचना ‘जाड थापू नका’ एवढीच. ताई उपचाराला सकाळी जायची म्हणून रात्रीपासूनच काही लावत नसे.

गुरुवारच्या रात्रीकडे परत येते. तुमचा फोन लागला नाही; फाइलवर जो नंबर होता तो बिलाच्या खिडकीचा. जवळच्या एका दवाखान्यात गेलो तिथे सुक्या गॉजची घडी ठेवून चिकटपट्टी लावून दिली. सकाळी ती काढताना जे झालं ते मी लिहीत नाही. दोन दिवसांनी ओळखीतल्या एका निवृत्त परिचारिकेने सलाईनने भिजवून, जखमेला न चिकटणारी जाळी लावून, वर मऊ पॅड ठेवून, चिकटपट्टीऐवजी बनियनसारख्या सैल कापडाने ते धरून दाखवलं. तिने आणखी एक गोष्ट केली. माझ्या आईच्या नऊवारीचं जुनेर मागितलं आणि त्याचा बिनशिवणीचा झबल्यासारखा सदरा शिवला. इतकी वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं ते सुती कापड. लक्ष्मी रोडवर इतकं मऊ काही विकत मिळणार नाही. आठ दिवसांत जागा सुकू लागली, तीन आठवड्यांत खाली नवी, फिकी गुलाबी कातडी दिसली. काय गंमत पाहा, तुमच्या कागदातला गुलाबी रंग अखेर आला तो बरं होताना.

त्याच परिचारिकेने ताईचं मंगळसूत्र काढायला लावलं. गळ्याच्या हाडावरून जाणारा सर नेमका किरण पडलेल्या जागेवर घासत होता. तुमच्या विभागात चार आठवडे ते सगळ्यांना दिसलं असणार. उपासांबद्दलही तीच बोलली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी; जखम भरायला प्रथिनं लागतात आणि साबुदाण्यात ती नसतात. ताईने गुरुवार सोडला नाही, पण गुरुवारी दूध-पनीर-शेंगदाण्यावर तडजोड झाली.

बाकड्यावर आमच्या शेजारी करमाळ्याकडचे एक गृहस्थ बसायचे. तोंडाचा कर्करोग, तंबाखूचा. त्यांना आठवड्याला पाच अशा पस्तीस लाइट आणि बरोबर केमो. मात्रा जास्त, त्यामुळे मानेची कातडी आमच्यापेक्षा किती तरी वाईट. इस्तरीची कॉलर तिच्यावर घासायची. रोज वस्तऱ्याने दाढी करायचे, कारण दाढी वाढवून पुण्याला यायचं त्यांना बरं वाटत नव्हतं. इलेक्ट्रिक शेव्हर वापरा किंवा दाढी राहू द्या, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शरद पवारांनी २००४ मध्ये केंद्रीय मंत्रिपदाचं काम करत ३६ वेळा हे उपचार घेतले, ते स्वतः अनेकदा सांगतात. महाराष्ट्रात तंबाखूविषयी बोलताना त्यांचं उदाहरण सगळे देतात. पण त्या ३६ दिवसांत मानेची निगा कशी राखायची हे त्या करमाळ्याच्या माणसाला कुणाच्या भाषणातून कळणार? तो परत गेला तो उसाच्या फडात, मे महिन्याच्या उन्हात. ती जागा आयुष्यभर उन्हापासून जपायची असते. एक उपरणं पुरलं असतं.

तुमच्या विद्येविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्रा मोजायला यंत्र नव्हतं त्या काळात डॉक्टर कातडीवरूनच मोजत. लाली येईल इतके किरण म्हणजे एक माप. रोंटजेन हे एकक १९२८ मध्ये ठरलं, तोवर बऱ्याचदा रुग्णाची कातडी हाच तुमचा मीटर होता. पुढे कोबाल्ट आलं, त्याची सर्वाधिक मात्रा कातडीच्या अर्धा सेंटिमीटर खाली पडू लागली. आताच्या यंत्रांत दीड सेंटिमीटर खाली. पूर्वी स्तनाला पंचवीस दिवस लागत, आता पंधरा पुरतात, आणि कातडीलाही ते सोसतं. कातडी वाचवण्यासाठी पदार्थविज्ञानाने एवढं केलं. राहिलंय ते शिपाईसुद्धा करू शकेल असं काम, एक कागद वाटायचं.

तर मागणी अशी. पहिल्या दिवशी, खुणा करतानाच, एक पानी मराठी कागद हातात द्या. त्यात लिहा की आंघोळ करा, चोळू नका. लिहा की कातडी काळी पडेल, तो रोग नव्हे, आणि बहुतेकांची ती महिन्यामहिन्याने उजळते. लिहा की शेवटच्या लाइटनंतर आठ-दहा दिवसांनी त्रास सर्वांत जास्त असतो. पाणी सुटलं, वास आला, पू दिसला, ताप भरला तर कुठे यायचं ते लिहा, आणि ज्याला परिचारिका उत्तर देईल असा नंबर लिहा. दाढी, कॉलर, मंगळसूत्र, काख, उपास ही आमची गोष्ट आहे, ती आमच्या शब्दांत येऊ द्या. पुढे वर्षभराने जागा घट्ट झाली, किंवा नव्या केमोनंतर तोच भाग पुन्हा लाल-काळा होऊन पेटला, तर तेही किरणांचंच उशिराचं देणं असू शकतं, हेही दोन ओळींत सांगा. आणि शेवटच्या लाइटनंतर दहाव्या दिवशी एक भेट ठेवा. डॉक्टर नको, परिचारिका चालेल, पाच मिनिटं.

या गावात जिन्यात चप्पल कशी काढावी याचीही पाटी असते. तुमच्या प्रतीक्षागृहात मी तीन पाट्या मोजल्या: मोबाइल बंद ठेवा, बिल आधी भरा, थुंकू नका. चौथीला भिंतीवर जागा आहे.

कागदाचा मसुदा मी केला आहे. वैद्यकीय चुका तुम्ही काढा, मराठी मी बघते. कुणालाही पाठवा, माझ्याकडे दुपारी एक ते चार या वेळेतही दार उघडं असतं.

आपली,
सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षिका